सामोरी पात

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशी रीतच आहे. पण लग्न होऊन अवसरीत आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की या बाईंना अर्धं गाव आत्या म्हणतं. पिकअपचा ड्रायव्हर म्हणतो, खताच्या दुकानाचा मालक म्हणतो, आणि टोळीतल्या बायका तर, वयाने त्यांच्या बरोबरीच्या असल्या तरी, आत्याच म्हणतात. तेव्हा मला जरा रागच आला होता. सून मी एकटी आणि आत्या सगळ्यांच्या, हा कुठला न्याय?

टोळी म्हणजे कांदा लावणाऱ्या बायकांची टोळी. दिवाळी उरकली की जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या बागायती पट्ट्यात कांद्याच्या लागणी निघतात आणि सगळ्यांनाच एकदम बायका हव्या असतात. सकाळी पिकअप मारुतीच्या देवळापुढे येऊन हॉर्न मारते. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला स्कार्फ, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, अशा आम्ही मागच्या हौद्यात चढतो. टोळीची मुकादम पुढे ड्रायव्हरशेजारी बसते, हा सगळीकडचा नियम. आत्या मुकादम असून कधी पुढे बसल्या नाहीत. मागे आमच्यातच लोखंडी दांडा धरून उभ्या राहायच्या. "पुढं बसलं की आज कोण गप हाय त्ये कळत न्हाई," म्हणायच्या. जी बाई त्या दिवशी गप्प असेल, तिच्या शेजारची जागा शेतात त्या स्वतः धरायच्या.

मी मूळची ओतूरकडची. बारावीपर्यंत शिकलेली, तोंडाने फटकळ आणि रागाला लवकर येणारी. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा टोळीत गेलेलं बरं, म्हणून आत्यांच्या मागे लागून मी गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी कमरेचे तुकडे पडतात की काय असं झालं होतं, पण ते कबूल करेन तर मी कसली.

ज्यांनी कांदा नुसता खाल्लाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. वाफ्यात पाणी सोडून चिखल केलेला असतो. त्यात कमरेतून वाकायचं, डाव्या हातात रोपांची जुडी धरायची आणि उजव्या हाताने एकेक रोप घेऊन अंगठ्याने मातीत दाबायचं. मूळ सरळ खाली गेलं पाहिजे. दुमडलं तर रोप धड जगत नाही, आणि जगलं तरी कांदा पोसत नाही. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. सगळ्या एका बांधावरून सुरुवात करतात आणि समोरच्या बांधाकडे सरकत जातात. जिचा हात सगळ्यात जलद तिला कडेची पहिली पात, आणि तिच्या मागून बाकीच्या चालतात.

यात एक रीत आहे, ती मला फार आवडते. जी आधी बांधाला लागते ती बसून राहत नाही. ती वळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या पातीत समोरच्या टोकाकडून रोपं लावत लावत तिच्याकडे येते. दोघी मध्ये कुठेतरी भेटतात. याला आम्ही सामोरी जाणं म्हणतो. मागे राहिलेली बाई वाकलेलीच असते. तिला आधी समोरून येणारे चिखलाचे पाय दिसतात, मग हात दिसतो, आणि मग ती कंबर सरळ करते. पहिल्या दिवशी माझ्या पातीला आत्या सामोऱ्या आल्या होत्या. त्यांनी मी लावलेल्या रोपांकडे बघून नुसती मान हलवली. त्या तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिकअपमध्ये चढले.

आत्यांची खरी हुशारी दिसायची ती पाती वाटताना. बांधावर उभं राहून त्या एकेकीला जागा दाखवायच्या आणि कधी कधी मला त्यात काही अर्थच दिसायचा नाही. पाण्याच्या पाळीवरून अबोला धरलेल्या दोन जावा, त्यांना शेजारी शेजारी लावायचं. "वाकल्यावर कुणाचं त्वांड दिसत न्हाई, मंग बोलाया सोपं जातं," असं त्यांचं म्हणणं. दुपारी त्या दोघी एकाच डब्यातलं लोणचं खाताना दिसायच्या आणि मी कपाळाला हात लावायची. मला मात्र कायम मधली पात. कधी कडेची नाही, कडेजवळची नाही, बरोबर मध्ये. माझा हात चांगला बसल्यावरही मधलीच. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की कच्च्या बाईला दोन्हीकडून मदत मिळावी म्हणून मध्ये घालतात. याचा मला राग होता आणि तो मी जपून ठेवला होता.

मध्ये असल्यावर करायचं काय, तर मी बोलायची. टीव्हीवर बघितलेली मालिका दुसऱ्या दिवशी लावता लावता सांगायची. सासूचा आवाज वेगळा, नणंदेचा वेगळा, हिंदी मालिका असली तर तिचं आमच्या बोलीत करून. ज्या दिवशी लाइट गेलेली असायची त्या दिवशी पंचाईत. बायका तर विचारणारच, "मंग काल काय झालं गं?" मग मी मालिका स्वतःच पुढे न्यायची. हरवलेली बहीण परत आणायची, कपटी दिराला विहिरीत ढकलायची. नंतर कुणी खरा भाग बघून आलं की म्हणायचं, "टीव्हीवाल्यान्ला काय जमलं न्हाई राव, तुजं बरं व्हतं." अशी मी मोठेपणा मिरवून घ्यायची. आत्या तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

टोळीतल्या दोघींची ओळख इथेच करून देते.

एकीला आम्ही एक्स्प्रेस म्हणायचो. आमच्याच आळीतली, अंगाने काडी, पण पहिली पात तिची. तिचा अंगठा मातीत जाताना दिसायचाच नाही, मागे रोपं उभी राहिलेली तेवढी दिसायची. ती बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. पण काम करताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख असायचं, ते मी देवळातही कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही.

दुसरी भाभी. तिचं माहेर जुन्नरचं. नवऱ्याबरोबर आठवडे बाजारात आणि गावोगावच्या जत्रांत तिने वर्षानुवर्षं बांगड्या भरल्या. पुढे बायका काचेच्या बांगड्या लग्नकार्यापुरत्याच भरायला लागल्या, धंदा बसला, आणि भाभी टोळीत आली. बोलण्यात पुढे, अंगाने भरलेली, आणि लागणीत सगळ्यात मागे. शेवटची पात तिचीच. एक्स्प्रेस तिला रोज सामोरी जायची. लांबून ते चिखलाचे पाय दिसले की भाभी ओरडायची, "आली गं बाई माजी गाडी!" आणि अख्खी टोळी हसायची.

सगळं असं बरं चाललेलं असताना आत्यांचा उजवा गुडघा बोलायला लागला. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, वाटी झिजली आहे, बदलावी लागेल. वर असंच चिखलात उभं राहत गेलात तर पुढे घरातल्या घरातही चालता येणार नाही. आत्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "येवढी लागण उरकू दे." मागच्या लागणीलाही हेच म्हणाल्या होत्या. माझा नवरा चिडला, मी चिडले. आम्ही दोघं मिळून चिडलो तर घराचे पत्रे हलतात, पण आत्या हलल्या नाहीत.

शेवटी एका सकाळी मी पायाला तेल लावून देत असताना त्या मला खरं बोलल्या. "मी घरी बसली का टोळी फुटंल गं. शेजारच्या गावची बघितलीस ना? मुकादम लेकीकडं ऱ्हायाला गेली आन् बाया चारी वाटांनी गेल्या. आपल्या बाया अशाच दुसऱ्याच्या टोळीत जातील. तिथं त्यान्ला कोण सांबाळंल? भाभीला तरी कोण घेईल, येवढी मागं ऱ्हाती ती?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघा टोळीत अडकला होता. टोळी कुणाच्या तरी हाती नीट सोपवली गेली तरच आत्या ऑपरेशनला जाणार होत्या, नाहीतर लंगडत लंगडत चिखलातच जाणार होत्या. मग ठरलं असं, की मुकादमी दुसरीकडे द्यायची, आत्यांनी काही दिवस घरी बसून बघायचं, आणि टोळी टिकली तर दवाखान्याची तारीख घ्यायची.

दुसरीकडे म्हणजे कुणाकडे, हा प्रश्न माझ्या मते सुटलेलाच होता. घरची सून, शिकलेली, फोनवर बोलायला पुढे, शेतमालकाला गप्प करायला तोंड. मी वाट बघत बसले. आत्यांनी एक्स्प्रेसला मुकादम केलं.

तशी आमच्याकडच्या सगळ्या टोळ्यांची रीतच होती. जिची पहिली पात, ती पुढची मुकादम. आत्याही तशाच झाल्या होत्या. तरुणपणी पहिली पात त्यांची असायची आणि जुन्या मुकादमबाई थकल्यावर कुणी काही विचारलंच नाही. त्यामुळे या वेळीही कुणाला काही वावगं वाटलं नाही. पिकअपमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक्स्प्रेसला पुढच्या सीटवर बसवलं, तर ती बिचारी पोलीस चौकीत नेत असल्यासारखी आकसून बसली.

ती वाईट वागली असं मुळीच नाही. तिला वाटलं, मुकादम झालो म्हणजे आपण जे करतो तेच आणखी करायचं. ती आणखी पळायला लागली. लोणीच्या एका मोठ्या शेतावर काम होतं. ती बांधाला लागली की सामोरी जायच्या ऐवजी शेजारचा नवा वाफा धरायची, म्हणजे काम लवकर उरकेल. ती पुढे, आणि आम्ही सगळ्या तिच्या पाठीमागे. कोण दमलंय, कुणाला पाणी हवंय, कुणाची जुडी संपली, तिला काही दिसायचं नाही. पहिलीच वळत नाही म्हटल्यावर दुसरी तरी कशाला वळेल? भाभीची पात अर्ध्यावर पडलेली असायची आणि तिला सामोरं कुणी जायचं नाही. बाकीच्या घाईला पडल्या. माझ्या गोष्टीही बंद पडल्या, कारण ऐकायला कुणाला सवडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेतमालक बांधावर उभा. कितीतरी वाफ्यांत रोपं आडवी झाली होती. त्याने एक रोप उपटून आमच्यापुढे धरलं. मूळ दुमडलेलं. "ही काय लागण म्हणायची का? तुमच्या आत्या कुठं हायेत?" आम्ही मान खाली घालून ते वाफे पुन्हा लावून दिले. एक्स्प्रेसची पात तेवढी सरळ उभी होती, आणि मला वाटतं तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

मग बायका गळायला लागल्या. एकीकडे पाहुणे आले, दुसरीचं पोर आजारी पडलं, आणि नंतर त्या दोघी दुसऱ्याच टोळीच्या पिकअपमध्ये दिसल्या. आत्या सकाळी ओट्यावर बसून आमची गाडी जाताना बघायच्या. हौद्यातली मोकळी जागा त्यांना लांबूनही दिसायची. एका सकाळी बघते तर त्यांनी स्वतःचा फुल शर्ट काढून झटकला आणि खुंटीला लावला. मी विचारलं, हे कशाला? "उद्यापास्नं मी येती," म्हणाल्या. मला रडावं की ओरडावं कळेना. शेवटी मी ओरडले.

त्याच दिवशी कामावरून परत आल्यावर एक्स्प्रेस घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि रडायलाच लागली. "आत्या, मला न्हाई जमत. मला नुसती लागण करू द्या. मी मागं बघाया लागली का माजा हात चुकतो."

मला वाटलं आत्या समजूत घालतील, होईल सवय म्हणतील. त्यांनी तिचे हात हातात घेऊन बघितले. मग म्हणाल्या, "तुजं काय बी चुकलं न्हाई. माजं चुकलं. तुजा हात बघितला आन् तुला मुकादम केलं. अगं, हात लागणीला लागतो. ह्याला दुसरंच काय तरी लागतं."

"मंग कोण करंल?" एक्स्प्रेसने डोळे पुसत विचारलं.

"जिला सगळ्या दिसत्यात ती."

मी दारातच उभी होते. मी मधल्या पातीतली. मला दोन्हीकडच्या दिसत होत्या. मी पदर सारखा केला.

"जा, भाभीला बोलावून आण," आत्या मला म्हणाल्या.

भाभी हात पुसत आली आणि ऐकल्यावर हसतच सुटली. "मी? आत्या, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? मी समद्यात मागं असती. मागच्या बाईचं कोण ऐकंल?"

"मागं असतीस म्हणूनच इचारती. आज कुणाला काय दुखत व्हतं, सांग."

भाभीला बोलायला सांगावं लागत नाही. ती सुरू झाली. अमकीचं मनगट सुजलंय, बांगडी रुतते, पण ती शर्टाची बाही ओढून झाकते. तमकीने आज डबा उघडलाच नाही, सासऱ्याला घेऊन रात्रभर दवाखान्यात होती. ज्या दोघी दुसऱ्या टोळीत गेल्या त्यांच्याकडे पाहुणेबिहुणे काही नव्हते, "वाकडी पात" म्हणून घाईत कुणीतरी सगळ्यांत बोललेलं एकीला लागलं, आणि दुसरी तिच्यासाठी गेली. एक्स्प्रेसकडे वळून भाभी म्हणाली, "आन् ही. हिनं चार दिस झाले धड खाल्लेलं न्हाई." मनगट सुजलेली बाई माझ्या शेजारच्या पातीत होती. मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"तुला हे समदं कसं कळतं गं?" आत्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, त्यांना ते भाभीच्या तोंडून हवं होतं.

"त्यात काय? बांगडी भरताना आमी हातच बघतो. लई दाबला का बाई वरडती, कमी दाबला का बांगडी चढत न्हाई. प्रत्येकीचा हात निराळा."

"मंग झालं तर. तेवढंच करायचं," आत्या म्हणाल्या आणि खुंटीवरचा शर्ट काढून घडी घालून ठेवला.

भाकरी थापताना माझा त्या संध्याकाळी जरा जास्तच आवाज होत होता. परातीने काय घोडं मारलं होतं देव जाणे. आत्या थोडा वेळ ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला मधली पात का देती, ठाव हाय का?"

"कच्ची आहे म्हणून," मी फणकाऱ्याने म्हटलं.

आत्या इतक्या हसल्या की गुडघा धरावा लागला. "अगं येडे, तुजा आवाज दोन्ही टोकांला जातो म्हणून! कडंला ठिवली असती तर निम्म्या बायान्ला ऐकूच गेलं नसतं. जेवण झालं का समद्यांचा हात जड पडतो. तू तुजं ते मालिकेचं लावलंस का पाती परत चालाया लागत्यात, आन् घाई बी व्हत न्हाई, कारण पुढं गेलं तर ऐकू येत न्हाई. एक्स्प्रेससुदिक हळू व्हती तुज्यापायी. लोणीला तू गप झालीस आन् काय झालं बघितलंस ना?"

"मग मला मुकादम का नाही केलं?"

"तुला राग लई. तू पयल्याच दिशी कुणाच्या तरी शेतातनं टोळी घिऊन परत आली असतीस. आन् गोष्ट कुणी सांगितली असती?"

तव्यावरची भाकरी करपली. मला इतका आनंद झाला होता की ती उलटायचं सुचलं नाही. ज्याला आपण आपला चुकारपणा समजतो, वेळ मारून नेणं समजतो, ते कुणीतरी इतकी वर्षं लक्ष देऊन ऐकत होतं, त्याला जागा करून देत होतं, हे कळल्यावर दुसरं काय होणार? पुढे मी लिहायला लागले. लोक विचारतात कुठे शिकलात, तर मी काहीतरी सांगते. खरं तर मी मधल्या पातीत शिकले.

भाभीच्या मुकादमीचे पहिले काही दिवस आत्या शेतावर आल्या, पण चिखलात उतरायला नाही. बांधावर बसायच्या आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. त्यांना ते गुडघ्यापेक्षा जड गेलं असणार. काही चुकताना दिसलं की स्कार्फचं टोक दातात धरायच्या. भाभीने पाती वाटताना एकदा त्यांच्याकडे वळून बघितलं, तर त्यांनी सरळ आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

भाभीने पहिलं काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी त्या सोडून गेलेल्या दोघींच्या घरी गेली. चहा प्यायली, त्यांचे हात हातात घेऊन बसली, आणि टोळीचं नावही न काढता उठली. दुसऱ्या दिवशी दोघी देवळापाशी हजर. सुजलेल्या मनगटाच्या बाईला तिने लागणीतून काढून सावलीत रोपांचे शेंडे छाटायला बसवलं, सूज उतरेपर्यंत. एक्स्प्रेसला सांगितलं, "तू पळ बाई, तुला कोण आडवतंय. पण बांधाला लागलीस का वळायचं. तुजी निम्मी लागण पुढं आन् निम्मी सामोरी." एक्स्प्रेस ते ऐकून पहिल्यांदा मोठ्याने हसली. शेतमालक दिवस लांबवायला लागला की भाभी बाजारातल्यासारखी गोड बोलून त्याला अशी गुंडाळायची की तोच आम्हाला चहा पाजून गाडीत बसवून द्यायचा. आत्यांचं बोलणं नेहमी थोडकं आणि सरळ. भाभीने त्यांची नक्कल केली नाही, तिने आपल्या पद्धतीने केलं. पिकअपमध्ये ती मागेच उभी राहायची. पुढची सीट तिने त्या दिवशी जिचं अंग दुखत असेल तिला दिली.

आणि आत्या ऑपरेशनला गेल्या.

दवाखान्यात मी भेटायला गेले की नर्स सांगायची, आजींना विश्रांती घ्यायला सांगा. आजी मला जवळ बोलावून पहिला प्रश्न विचारायच्या, "आज समद्या पाती लागल्या का? सामोरं कोण गेलं?" मी सगळं सांगायची. कुणाचं कुणाशी वाजलं, भाभीने ते कसं मिटवलं, टोळीत नवीन आलेल्या एका सुनेला कुणाच्या शेजारी उभं केलं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "त्या नव्या पोरीला तिनं एक्स्प्रेसच्या शेजारी न्हाई लावलं, हे बेस केलं. पोरगी भ्याली असती." मला तर वाटलं होतं, त्या झोपल्यात.

पुढच्या लागणीला त्या काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. काम आमच्या गावातच, घरापासून जवळ होतं. त्या बघायला आल्या, पण अंगात फुल शर्ट आणि पिशवीत डबा होता. थोडा वेळ बांधावर बसल्या, मग काठी ठेवली, पदर खोचला आणि रोपांची एक जुडी उचलली. मी धावले. डॉक्टरांनी काय सांगितलंय आठवतंय ना?

"गुडघा मोडायचा न्हाई म्हणालेत. कंबर मोडू नका म्हणाले का?"

यावर डॉक्टरसुद्धा काय बोलणार? आत्यांनी शेवटची पात धरली, भाभीची असायची ती. त्या सावकाश लावत होत्या. रोप घेत, अंगठा दाबत, पाय जपून सरकवत. मी आपली मधल्या पातीतून सारखी तिकडे बघत होते आणि माझी गोष्ट तुटत होती. मला वाटलं भाभी आता ओरडेल. भाभी ओरडली नाही. तिने त्यांना लावू दिलं. एक्स्प्रेस समोरच्या बांधाला लागून वळली, तेव्हा भाभी तिला फक्त म्हणाली, "आत्याच्या पातीला जा गं."

मग माझ्या लक्षात आलं. आत्या आधी पहिल्या पातीच्या होत्या आणि मग मुकादम. गुडघा ठणकत असतानासुद्धा कुणी वळायच्या आत त्या स्वतःची पात संपवायच्या. सगळ्या टोळीला त्या सामोऱ्या गेल्या होत्या, पण त्यांच्या पातीला आयुष्यात कधी कुणी सामोरं आलं नव्हतं.

एक्स्प्रेस समोरून लावत लावत येत होती. आत्या वाकलेल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. मग त्यांना ते चिखलाचे पाय दिसले. त्यांचा हात थांबला. समोरच्या हाताने शेवटचं रोप दाबलं आणि पात लागली. आत्या हळूहळू सरळ झाल्या. एक्स्प्रेसला येतच नाही बोलायला, तिने नुसती मान हलवली. माझ्या गोष्टीत पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही, सगळ्या तिकडेच बघत होत्या.

आत्यांनी दुसरी जुडी उचलली आणि तेवढ्यात भाभीचा आवाज आला. "आत्या! बास. आता बांधावर."

त्या आवाजाने मीसुद्धा दचकले. आमच्या घरात कुणी आत्यांशी असं बोलत नाही. आत्यांनी भाभीकडे बघितलं, हातातली जुडी खाली ठेवली, काठी घेतली आणि मुकाट्याने बांधावर येऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"ऐकलंस का?" त्या मला म्हणाल्या. "माज्यावर वरडली." आणि चिखलाचे हात शर्टाला पुसून त्यांनी डबा उघडला.